डाव्या हातानं लिहिलेली पाटी

पंचगंगा विद्यापीठ दर वर्षी एक पुस्तक काढतं. पुस्तक म्हणजे वाचायचं नव्हे, बघायचं. गुळगुळीत कागद, उचलताना कमरेत लचक भरेल एवढं वजन आणि वर सोनेरी अक्षरांत नाव, ‘छायादर्शन’. समाजजीवन, संशोधन, कला आणि प्रवास असे त्याचे चार भाग. पाहुणा आला की शाल, नारळ आणि हे पुस्तक. शाल अंगावर घेता येते, नारळ फोडता येतो, पण पुस्तकाचं काय करायचं हे अजून कुणाला उमगलेलं नाही. कोल्हापुरातल्या निम्म्या पुढाऱ्यांच्या टीपॉयवर ते वेष्टनासकट पडलेलं असतं. कुणी उघडतच नाही, म्हणून एक गोष्ट इतकी वर्षं खपून गेली. पुस्तकाच्या चारही भागांत बाई एकच आहे.

ती बाई म्हणजे आक्काताई धनवडे. मुक्काम गडमुडशिंगी, वय सेहेचाळीस, विद्यापीठाच्या बाग विभागात कंत्राटी कामगार. अंगानं काटक, रंगानं सावळी, आणि चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं, ह्या बाईला आपण कुठंतरी मदत केलेली आहे. हा चेहराच तिला भोवला.

सुरुवात साक्षरतेपासून झाली. विद्यापीठानं एक गाव दत्तक घेतलं होतं आणि तिथल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचा उपक्रम जोरात चालू होता. जोरात म्हणजे कागदावर. फोटो काढायचा दिवस उजाडला तेव्हा त्या गावातल्या बायका भांगलणीला निघून गेल्या होत्या. पीक सोडून पाटी धरायला त्यांना सवड नव्हती. जनसंपर्क अधिकारी विजयसिंह यांनी गाडी तशीच माघारी वळवली. गाडीतून उतरले आणि फोटोग्राफर दादासोला म्हणाले, “संध्याकाळपर्यंत मला एक निरक्षर बाई पाहिजे.”

दादासो मूळचा जोतिबाचा. डोंगरावर येणाऱ्या भाविकांचे गुलालात माखलेले फोटो काढून दहा मिनिटांत हातात द्यायचे, हा त्याच्या घराण्याचा धंदा. पुढं लग्नाचे फोटो, आणि तिथून विद्यापीठ. आजवर रडणाऱ्या नवरीला त्यानं हसवलं होतं, हसणाऱ्या वरमाईला रडवलं होतं, आणि नवऱ्याच्या रुसलेल्या मामाला चारदा आहेर करायला लावला होता. फोटोत जे आहे ते दिसून उपयोग नाही, जे पाहिजे ते दिसलं पाहिजे, हे त्याचं शास्त्र. त्याला गुलमोहराखाली तण काढत बसलेली आक्काताई दिसली.

“ओ आक्का, जरा हिकडं या की. हातातलं खुरपं ऱ्हाऊ दे. ही पाटी घ्या आन् लिवा काय तरी.”

आक्काताईनं पाटीवर आपलं नाव लिहिलं. दादासोनं भिंगातून बघितलं आणि कॅमेरा खाली घेतला.

“ह्ये काय वो! ह्ये मास्तरणीचं अक्षर झालं. शिकलाय व्हय तुमी?”

“बारावी पास हाय मी. आर्टला.”

दादासोनं डोकं खाजवलं. ऊन कलायला लागलं होतं आणि दुसरी बाई मिळायची नाही. “मग असं करा,” तो म्हणाला, “डाव्या हातानं लिवा.”

डाव्या हातानं काढलेला तो वाकडातिकडा ‘अ’, त्याच्याकडं बघणारे तिचे ते डोळे आणि बाजूला झुकून उभ्या असलेल्या समाजकार्य विभागाच्या प्रमुख. फोटो असा काही उतरला की तो बघून कुलगुरूंचे डोळे पाणावले. पान बारावर तो अख्ख्या पानभर छापला. खाली ओळ होती, ‘अंधारातून अक्षराकडे’.

झालं. चेहरा चालतोय म्हटल्यावर विजयसिंह सोडतात काय? पुढच्या वर्षी संशोधन भागासाठी प्रयोगशाळेचा फोटो पाहिजे होता आणि संशोधक सगळे परिषदेला गेलेले होते. मग आक्काताईच्या अंगावर पांढरा कोट चढला. बांगड्या बाहीत लपवल्या, हातात परीक्षानळी दिली आणि नळीत पाणी ओतून त्यात कपड्याची नीळ घातली, कारण पाण्यासारखं दिसणारं संशोधन छापून उठत नाही. फोटोत नुसता हात आहे. नखांत बागेतली माती आहे म्हणून खाली लिहिलं, ‘मृदाविज्ञानात मग्न’. कला भागात ती जात्यावर बसली आहे. जातं वस्तुसंग्रहालयातून आणलं होतं, त्याला खुंटा नव्हता, आणि दादासोनं तोंड हलवा म्हटल्यावर तिनं टीव्हीवरल्या साबणाच्या जाहिरातीचं गाणं म्हटलं. ‘लोकगीतांचा जिवंत झरा’. प्रवास भागाची तर कमालच. विद्यार्थ्यांची सहल चंदगडला निघाली, पण तिकडं पाऊस असा कोसळत होता की एस.टी.च्या फेऱ्याच बंद झाल्या. सहल वसतिगृहाच्या मागच्या पाणंदीत नेली. आक्काताईच्या डोक्यावर इरलं दिलं, बागेचा पाइप वर धरून पाऊस पाडला आणि चिखलात लॉनचं गवत लावायला लावलं. ‘चंदगडच्या भातशेतीत रमलेले विद्यार्थी’. विद्यार्थी खरोखरच रमले होते, कारण त्यांना पाइप धरायला मिळाला होता.

आक्काताईला ह्यात काही वावगं वाटत नव्हतं असं नाही. पण मे महिन्याच्या उन्हात तण उपटण्यापेक्षा सावलीत बसून निरक्षर होणं बरं, असा तिचा रोकडा हिशेब होता. शिवाय फोटोनंतर चहा आणि वडा मिळायचा. संध्याकाळी घरी आली की नवऱ्याला सांगायची, “आज मी चंदगडला गेलतो,” आणि टेम्पो धुता धुता नवरा हसायचा.

मात्र एक गोष्ट तिनं ना दादासोला सांगितली, ना विजयसिंहांना. त्याच विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात तिनं बी.ए.ला नाव घातलं होतं.

त्याला कारण आण्णांच्या घरातली भिंत. आण्णा म्हणजे तिचे वडील, गणपतराव. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी शिपाई म्हणून सगळी नोकरी काढली. तिचं माहेर गडमुडशिंगीतच, सासरापासून दोन गल्ल्या पलीकडं. त्या घराच्या सोप्यात समोरच बाबासाहेबांची तसबीर आहे आणि तिच्या खाली दोन फोटो. थोरला भाऊ इचलकरंजीला बँकेत, धाकटा गारगोटीला मास्तर. दोघंही काळा झगा, टोपी आणि हातात पदवी घेऊन कुलगुरूंच्या शेजारी उभे. घरी पावणं आलं की आण्णा चहाच्या आधी त्याला भिंतीपुढं उभं करायचे. हा थोरला, हा धाकटा. आणि तेवढ्यात आक्काताई आत आली तर म्हणायचे, “ही आमची आक्का. गार्डनला हाय.” ‘गार्डनला हाय’ म्हणताना त्यांचा आवाज जरा पडायचा. बारावीला पोरगी वर्गात दुसरी आली, स्थळ चांगलं आलं आणि आपण उरकून टाकलं, ही सल त्या म्हाताऱ्याच्या काळजात होती. तो कधी बोलला नाही आणि ती कधी बोलली नाही. पण त्या भिंतीवर तिसरा फोटो लागावा, आणि तो आण्णांचे डोळे चालू आहेत तोवर लागावा, एवढं एकच आक्काताईला हवं होतं. बागेतल्या पंपघरात बसून, डब्याच्या सुट्टीत, मोटारीच्या घरघरीत तिनं इतिहासाची पुस्तकं पाठ केली. तीन वर्षं. पहिल्या वर्गात पास झाली.

पदवीदान समारंभ ठरला. आणि नेमका त्याच दिवशी विद्यापीठाची प्रतवारी ठरवणारी समिती येणार हेही ठरलं. सगळं विद्यापीठ रंगवायला काढलं. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लागला. ‘छायादर्शन’च्या मागच्या सगळ्या वर्षांच्या प्रती वेष्टन फाडून समितीच्या टेबलावर मांडल्या. पुस्तक उघडं ठेवण्याची विद्यापीठाच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ.

आदल्या दिवशी सभागृहात रंगीत तालीम होती. काळा झगा घालून आक्काताई कला शाखेच्या रांगेत उभी राहिली. विजयसिंह रांग सरळ करत करत आले, तिच्यापुढून गेले, थांबले आणि मागं आले.

“आक्काताई, तुम्ही? अहो, आज फोटो नाही. हा झगा कुणी दिला तुम्हाला?”

“भाड्यानं घेतलाय, सर. उद्या पदवी हाय माजी.”

विजयसिंहांना आधी हे समजलंच नाही. समजल्यावर त्यांचा चेहरा झाडांच्या बुंध्यागत पांढरा झाला. त्यांनी तिला पडद्यामागं नेलं. तिथं दादासो वायरी गुंडाळत बसला होता.

“अहो, बारा पानावर तुम्ही निरक्षर आहात!” विजयसिंह घसा दाबून ओरडले. “समिती पुस्तक बघणार. मग स्टेजवर तुम्हाला बघणार. म्हणणार, ह्यांनी बागेतली बाई धरून तिला झगा घातला. खोटा फोटो काढतात म्हणून आपलं नाव जाईल.”

“पर ह्यो फोटो खरा हाय की, सर.”

“तोच तर घोटाळा आहे!”

आक्काताई म्हणाली, “म्हंजे खोट्या फोटोत मी खरी, आन् खऱ्या फोटोत खोटी. असंच की न्हाई?”

विजयसिंह काही दुष्ट माणूस नव्हते. घरी दोन मुलं, गृहकर्ज आणि रक्तदाब असलेले साधे अधिकारी होते. त्यांनी तोडगे काढायला सुरुवात केली. पदवी पोस्टानं घरपोच येईल. दादासो नंतर सावकाशीनं स्टुडिओत फोटो काढेल, मागं ताजमहाल म्हणा नाहीतर कुलगुरू म्हणा, पाहिजे तो पडदा लावेल. ते नको असेल तर तोंडाला मास्क लावून स्टेजवर यावं, सर्दीचं निमित्त सांगता येईल.

“मास्क लावल्याव त्यात मी हाय का आनी कोन, ह्ये आण्णास्नी कसं कळायचं?”

विजयसिंहांनी मग खिडकीबाहेर बघत, अगदी सहज सांगावं तसं सांगितलं की बाग विभागाची कंत्राटं ह्याच महिन्यात नव्यानं व्हायची आहेत. एवढं बोलून ते रांग सरळ करायला निघून गेले.

दादासो वायरीचं भेंडोळं हातात धरून उठला. “आक्काताई, चुकी माजी हाय,” तो म्हणाला. “त्या दिवशी उजव्या हातानं लिवू दिलं आस्तं तर ह्ये झालं नस्तं.”

“तुमची कशाची चुकी? मी लिवलं न्हवं डाव्यानं? कोन बंदूक लावलीती काय?”

संध्याकाळी ती आण्णांच्याकडं गेली, ती उद्या येऊ नका असं सांगायला. सोप्यात पाऊल टाकलं तर आण्णांचा पांढरा सदरा खळ घालून, कडक इस्त्री करून दोरीवर टांगलेला होता. शेजारच्या धोंडुबाई पेढ्याचं विचारून गेल्या होत्या, म्हणजे गल्लीभर बातमी पोचलेली होती. आण्णा भिंतीपुढं उभे राहून हातानं अंतर मापत होते.

“थोरल्याचा फोटो जरा वर घ्यावा म्हंतो,” ते म्हणाले. “म्हंजे तुजा मदी बसंल. काय म्हंतीस?”

आक्काताईला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. ह्या माणसाला ‘येऊ नका’ म्हणायचं, तर मग बी.ए. कशाला झालो? तिनं तांब्याभर पाणी पिऊन ते गिळलं. “घ्या की वर,” एवढंच म्हणाली आणि घरी आली. कंत्राट जायचं तर जाऊ दे, असं तिनं भाकरी थापता थापता ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. पुढच्या रांगेत समिती, मागं प्राध्यापक, त्यांच्या मागं पालक. आण्णा तिसऱ्या दारापाशी कडक सदऱ्यात ताठ बसलेले. नाव पुकारलं, “धनवडे आक्काताई,” आणि ती स्टेजवर चढली. तोंडावर मास्क नव्हता. विजयसिंहांनी डोळे मिटले. कुलगुरूंनी पदवी पुढं केली, आक्काताईनं हात पुढं केला, दादासोनं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि तेवढ्यात समितीचे अध्यक्ष खुर्चीवरून उठले.

“एक मिनट, एक मिनट!”

अध्यक्ष लांबून, हिंदी मुलखातून आलेले. त्यांच्या हातात ‘छायादर्शन’ होतं. आदल्या रात्री विश्रामगृहातला टीव्ही बंद पडला होता, त्यामुळं त्यांनी ते खरोखरच बघितलं होतं. ते थेट स्टेजवर आले. पुस्तकातलं पान बारा आणि समोरची बाई, असं दोनदा बघितलं. “ये वही हैं ना? स्लेटवाली?”

विजयसिंह मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा करत होते. पण कुलगुरू उगाच कुलगुरू झालेले नव्हते. एका क्षणात त्यांचा चेहरा उजळला.

“बिलकुल वही, सर! ही आमच्या साक्षरता उपक्रमाची लाभार्थी. तीन वर्षांपूर्वी हिला अक्षरओळख नव्हती. आज पदवीधर!”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छतावरची कबुतरं उडाली. सगळं सभागृह उभं राहिलं. पाटीवर ‘अ’ काढणारी बाई तीन वर्षांत बी.ए. कशी होईल, ह्याचा हिशेब त्या डॉक्टरेट मिळवलेल्या माणसांनी भरलेल्या सभागृहात कुणीही केला नाही. सगळे स्टेजवर धावले. पदवीच्या एका टोकाला कुलगुरूंनी हात लावला, दुसऱ्या टोकाला अध्यक्षांनी, मध्ये समाजकार्य विभागाच्या प्रमुखांनी, आणि जिवात जीव आलेल्या विजयसिंहांनी खालून. दादासो ‘जरा बाजूला, जरा बाजूला’ म्हणत राहिला. फोटो निघाला त्यात पदवी धरलेले सगळे आहेत. आक्काताईचा कडेला अर्धा चेहरा आहे आणि त्यावर टोपीचा गोंडा.

मग अध्यक्षांनी तिच्या हातात माईक दिला. दोन शब्द बोला.

आक्काताई बोलली. “मला खोटं बोलाय येत न्हाई,” ती म्हणाली. “मी निरक्षर कवाच न्हवतो. मुडशिंगीच्या शाळंत शिकलो, बारावीला वर्गात दुसरी आलो. आमच्या आण्णांनी शिकवलं मला. ती पाटी मी डाव्या हातानं लिवल्याली हाय, दादासोला इचारा. ती चंदगडची बाई पन मीच हाय. नळीतलं पानी निळीचं हुतं.”

सभागृह जे हसलं म्हणता! लोकांनी गुडघ्यांवर थापा मारल्या. अध्यक्षांना कुणीतरी हिंदीत समजावून सांगितलं, तेव्हा तेही पोट धरून हसले आणि वहीत लिहून घेतलं, ‘विनम्रता’. कुलगुरू तर म्हणाले, बघा, शिक्षणानं माणसाला विनोदबुद्धीसुद्धा येते. आक्काताई माईक धरून उभी होती. आपण खरं बोललो की मिमिक्री केली, हेच तिला उमगेना. तिनं तिसऱ्या दाराकडं बघितलं. तिथं मात्र एक माणूस हसत नव्हता.

विद्यापीठाला वरची श्रेणी मिळाली. आठवड्याच्या आत मुख्य फाटकाशी दोन मजली फलक उभा राहिला. डावीकडं पाटीवरचा ‘अ’, उजवीकडं तो घोळका, आणि वर ‘पाटीपासून पदवीपर्यंत’. आक्काताईचं कंत्राट गेलं नाही, उलट पहिल्या दिवशीच नवं झालं, कारण यशोगाथेला कामावरून काढता येत नाही. सत्कारात तिला त्याच फलकाची फ्रेम दिली. ती विजयसिंहांना म्हणाली, “मला नुस्ता माजा फोटो द्या, पाटी नसलेला.” ते म्हणाले, अहो, पाटी काढली तर त्यात राहतं काय? आणि दादासोकडं तसा फोटोच नव्हता. घोळक्यातून तिला वेगळी कापायची तर अर्धं तोंडच हातात येत होतं.

फ्रेम तिनं पंपघरात भिंतीकडं तोंड करून ठेवली. माहेरी ती नेलीच नाही. पण फलक फाटकावर होता आणि गडमुडशिंगीची निम्मी माणसं त्याच रस्त्यानं कोल्हापूरला कामाला जातात. लोक आण्णांना वाटेत थांबवून अभिनंदन करायला लागले. आण्णा, पोरगी लिवा-वाचाय शिकली म्हणं, झ्याक झालं. धोंडुबाई पेढा खाऊन म्हणाल्या, “कायबी म्हणा, ह्या वयात बाराखडी शिकायची म्हंजे खेळ न्हाई.” ह्याच धोंडुबाईंची लेक दहावीला आक्काताईच्या मागं बसून तिचा पेपर बघून पास झालेली. डोळ्यांसमोर शाळेत गेलेली पोरगी लोकांना आठवेना, कारण फलक दोन मजली होता आणि आठवण तेवढी उंच नव्हती.

आण्णांनी दोन दिवस हे ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काठी घेतली, के.एम.टी.ची बस धरली आणि विद्यापीठाच्या फाटकाशी उतरले. फलकापुढं उभं राहून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग त्यांचा आवाज फुटला.

“कुनाची पोरगी अडानी? आँ? उपाशी ऱ्हाऊन शाळंत घातल्यात पोरं मी! शाळंची घंटा वाजिवली तीस वर्सं, आन् माज्या पोरीला अक्षरओळख न्हाई व्हय? कोन लिवलं ह्ये?”

पहारेकरी धावले. गर्दी जमली. बागेतून आक्काताई खुरपं हातात घेऊन तशीच पळत आली. आण्णांनी फलकाकडं काठी उगारली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आक्काताईनं त्यांचा दंड धरला. आत चला म्हणावं असं मनात होतं, पण तिच्या तोंडून निघालं, “बोला आण्णा, बोला तुमी.” आणि ती त्यांच्या शेजारी उभी राहिली.

विजयसिंह वरच्या खिडकीतून बघत होते. लांबून ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. एक म्हातारा, लेकीच्या फलकाकडं बोट, डोळ्यांत पाणी. त्यांनी फोन लावला. “दादासो, पळा. कॅमेरा घेऊन पळा. सोन्यासारखा फोटो आहे.”

दादासो पळत आला. त्यानं कॅमेरा वर केला आणि सवयीनं त्याच्या तोंडून ‘जरा हिकडं बगा’ असं निघणार होतं, पण त्यानं जीभ चावली. कुणाला सरकवलं नाही, पदर नीट करायला लावला नाही. पाटीचा फोटो चौकटीत येऊ नये म्हणून स्वतःच चार पावलं बाजूला झाला आणि एकदाच बटण दाबलं.

दोन दिवसांनी तो फोटो पेपरात आला. विद्यापीठानंच पाठवलेला, खाली विद्यापीठाचीच ओळ. आक्काताई कामावरून परस्पर माहेरी गेली. पेपर आण्णांना दिसायच्या आत चुलीत घालायचा होता. पण उशीर झाला होता. आण्णा कट्ट्यावर बसले होते, चष्मा नाकावर, पेपर दोन्ही हातांत. अर्धी गल्ली भोवती बसलेली. सातवी पास झालेल्या माणसाच्या खणखणीत आवाजात, एकेक शब्द तोडून, ते ती ओळ वाचत होते.

“‘लेकीचे यश पाहून गहिवरलेले निरक्षर पिता गणपतराव, लेकीला आशीर्वाद देताना.’”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग धोंडुबाई हसल्या. मग सगळीच गल्ली हसायला लागली, आणि ह्या वेळी ती आण्णांना नव्हे, विद्यापीठाला हसत होती. आक्काताई तेवढी हसली नाही. ती पायरीवर बसली.

“आण्णा, चुकलं माजं. मी ती पाटी धरली नस्ती तर तुमच्यापर्यंत ह्ये आलं नस्तं. तुमास्नी फोटो पायजे हुता, आन् ह्ये असलं दिलं मी.”

आण्णांनी पेपर जवळ नेऊन बघितला. ओळ नव्हे, फोटो. काठी उगारलेला म्हातारा आणि त्याचा दंड धरून ताठ उभी असलेली लेक, हातात खुरपं, कपाळावर आठी. दोघांच्याही तोंडावर राग मावत नव्हता.

“फोटो काय वाईट न्हाई,” ते म्हणाले. “बेस आलाय. तूबी दिसतीयास, मीबी दिसतोय. थोरल्याच्या आन् धाकल्याच्या मदी लाव ह्यो.”

“झगा न्हाई, आण्णा, माज्या अंगावर.”

“नसू दे. झगं दोन हायती की भिंतीला. कात्री आन.”

तिनं कात्री आणली. आण्णांनी फोटो बाजूनं नीट कापून तिच्या हातात दिला. खालच्या ओळीची तेवढी चिंधोटी उरली. ती त्यांनी मांडीवर सरळ केली, खिशातलं पेन काढून ‘निरक्षर’वर काट मारली आणि खाली आपली सही केली, पगारपत्रकावर करायचे तशी, पूर्ण नावाची. मग ती चिंधोटी घडी घालून लेकीच्या हातात दिली.

“उद्या कामाव जाशील तवा ही तुज्या सायबाला दे,” आण्णा म्हणाले. “वाचाय येत आसलं तर वाच, म्हणावं.”